पालथी बिल्टी

टक्केवारीवर माझा जुना राग होता. ड्रायव्हरला भाड्यातला टक्का द्यायचा म्हणजे त्याला मालकाच्या गल्ल्यात हात घालू द्यायचा, असं मी उघड म्हणत असे, आणि ऐकणारे गाडीमालकच असल्यामुळे माना डोलावत. माझं मत किलोमीटरला. मीटर फिरेल तेवढे पैसे, वाद मिटला. झिरो माईलच्या नागपुरात हयात काढलेल्या माणसाला अंतराचं कौतुक असायचंच म्हणा.

माझं काम वह्यांचं. महालात, बडकस चौकाजवळच्या एका गल्लीत आमची खोली आहे. तिथे बसून मी छोट्या गाडीमालकांचे हिशेब लिहितो. गाड्या उभ्या असतात तिकडे वाडीला, अमरावती रोडवर; महालाच्या गल्लीत ट्रक कुठला वळायला! त्यामुळे गाड्यांचा हिशेब लिहिण्यात माझी वर्षं गेली, पण गाडीजवळ क्वचितच गेलो. माझ्यापर्यंत यायची ती बिल्टी (माल आणि भाडं लिहिलेला कागद), डिझेलच्या पावत्या, फास्टॅगचा तपशील आणि ड्रायव्हरने घेतलेली उचल.

माझा चुलतभाऊ, आमचा दादा, तातडीचा माल नेतो. हंगामात संत्रा, एरवी औषधं, यंत्रांचे सुटे भाग, वेळेवर पोचलं नाही तर ज्याची किंमत उरत नाही असं काहीही. त्याच्याकडे ड्रायव्हरला भाड्याच्या दहा टक्के मिळत. ते मोडून किलोमीटरला चार रुपये लावायला मीच भाग पाडलं. कारणं तोंडपाठ होती. भाडं रोज बदलतं, अंतर बदलत नाही. टक्क्यात भांडणं होतात, मीटरला तोंड नसतं. शिवाय सरकारसुद्धा किलोमीटरच मोजतं: २०२१ पासून ई-वे बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी आहे. एवढं सांगितल्यावर दादाला पटलं. ड्रायव्हरना विचारायचं असतं हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

एक कारण मात्र मी दादालाही सांगितलं नाही, स्वतःलाही नाही. ते बाहेर कसं आलं ते सांगतो.

दादाच्या जुन्या ड्रायव्हरना सगळे उस्ताद म्हणतात. हैदराबादची खेप करून ते हिशेबाला आले. जाऊन-येऊन हजारेक किलोमीटर. मीटर चाळीस जास्त दाखवत होतं. मी लगेच बोट ठेवलं. हे चाळीस कुठले? बोलण्यात माझा सूर पोलिसाचा होता, हे आज कबूल करतो. उस्ताद शांतपणे म्हणाले, गोदामाच्या गेटवर नंबर लागत नव्हता, तिथं ना पाणी ना संडास, म्हणून गाडी दोनदा धाब्यावर नेऊन आणली. मग खिशातून एक छोटी डायरी काढून माझ्यापुढे ठेवली. तीत किलोमीटर नव्हतेच. नुसत्या वेळा होत्या. गेटवर पोचलो, टोकन मिळालं, आत घेतलं, हमाल नाहीत, उद्या या, पावती मिळाली. पोचल्यापासून सुटेपर्यंत अडीच दिवस.

"मीटर गाडी चालली तं फिरते, भाऊ," ते म्हणाले. "गेटापाशी मी जागाच होतो. ते कुठं लिवता तुमी?"

मी कुठेच लिहीत नव्हतो. खरं तर लिहीत होतो, आणि तेच जास्त वाईट. गाडी अडकवल्याबद्दल पार्टीकडून हॉल्टिंगचे पैसे येत. माझ्या वहीत 'हॉल्टिंग' असं स्वतंत्र खातं होतं, उत्पन्नाच्या बाजूला. ताटकळायचं ड्रायव्हरने आणि पैसे जमा व्हायचे मालकाकडे. ती रक्कम मी माझ्या हाताने लिहिलेली, सुवाच्य अक्षरात.

तेवढ्यात उस्तादांनी सहज विचारलं, "या खेपेचं भाडं किती ठरलं होतं?"

बिल्टी माझ्यासमोरच पडली होती. आकडा सुलटा दिसत होता. त्यांनी प्रश्न विचारला आणि माझा हात त्या कागदावर गेला, आणि मी तो पालथा केला. ठरवून नव्हे, विचार करून नव्हे. उघड्या तिजोरीकडे कोणी पाहिलं की दार लोटावं तसा. उस्तादांनी ते पाहिलं. मी पाहिल्याचं त्यांनी पाहिलं. ते हसलेही नाहीत. "राहू द्या," म्हणाले, "मले फक्त पाहाचं होतं."

किलोमीटर मला का आवडत होता, ते त्या पालथ्या कागदावर लिहिलेलं होतं. किलोमीटरचा दर असला की ड्रायव्हरला भाडं सांगावं लागत नाही. दिल्लीचा रस्ता साधारण अकराशे किलोमीटरचा. चार रुपयांनी ड्रायव्हरचे ४,४०० होतात. समजा, मंदीत भाडं ५५,००० आहे आणि संत्र्याच्या हंगामात ७०,००० झालं. टक्क्याने त्याचे ५,५०० चे ७,००० झाले असते. किलोमीटरने ४,४०० ते ४,४०० च. मधली वाढ कुणाला कळू न देता मालकाकडे जाते. मी ज्याला पारदर्शक म्हणत होतो ती पद्धत मला आवडत होती ती झाकता येतं म्हणून. चोर ड्रायव्हर होईल ही भीती घालून मी वहीत काय करत होतो!

त्यानंतर वाचलं, तेव्हा आणखी ओशाळलो. ड्रायव्हरचे कामाचे तास दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८, असं आपल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने सांगितलं होतं. पण चाक फिरेल तेव्हाच पैसे मिळणार असतील, तर गेटवर गेलेले तास भरून काढायला तो माणूस रात्री झोपेल की गाडी हाणेल? युरोपात २००६ चा एक नियम आहे. अंतरावर बांधलेल्या मोबदल्यामुळे रस्त्यावर धोका वाढणार असेल, तर तसा मोबदला द्यायलाच तिथे मनाई आहे. अमेरिकेत किलोमीटरऐवजी मैल, पण तिथेही हाच वाद. स्वतःची गाडी कंपनीला लावणारा माणूस टक्केवारीवर असेल, तर पैसे चुकते करताना किंवा त्याआधी भाड्याच्या बिलाची प्रत त्याला द्यावी लागते, असा तिथला नियम. म्हणजे टक्का द्यायचा तर कागद सुलटा ठेवून. मी हे आधीच वाचायला हवं होतं, असं म्हणून सुटका करून घेणार नाही; वाचलं असतं तरी तेव्हा मला ते पटलं नसतं.

दादाशी बोललो तेव्हा तो भडकला. "ड्रायव्हरला भाडं कळलं की तो उद्या थेट पार्टी गाठेल, माझा धंदा जाईल." भीती खोटी नाही, तसं घडतं. माझ्याकडे पूर्ण उत्तर नव्हतं. एवढंच म्हणालो, पार्टीच्या दारात तोच उभा असतो, गाठायची तर आजही गाठेल.

टक्काही काही साधू नाही, हे नंतर कळलं. पावसाळ्यात भाडी पडली की त्याची झळ ड्रायव्हरच्या ताटापर्यंत जाते. परतीचं भाडं मिळालं नाही आणि गाडी मोकळी आली, तर त्या रस्त्याचा टक्का शून्य. किलोमीटरवाल्याला निदान त्या अंतराचे पैसे मिळतात. पुढे निवड ड्रायव्हरवर सोडली, तेव्हा दादाकडच्या तरुण ड्रायव्हरने म्हणूनच किलोमीटर मागितला. उस्तादांनी टक्का घेतला. मी दोघांनाही चूक म्हणणार नाही. माणसाने निवडावं, आणि निवडताना त्याच्यासमोर बिल्टी असावी, एवढंच माझं मत उरलं आहे.

आता दादाकडे प्रत्येक खेपेच्या बिल्टीचा फोटो ड्रायव्हरच्या मोबाइलवर जातो. हॉल्टिंगमधले अर्धे पैसे त्याचे. दादा कुरकुर करत सह्या करतो. अर्धेच का, असं उस्तादांनी एकदा विचारलं. त्यांचं बरोबर आहे, पण दादाला तेवढ्यावर आणतानाच माझा दम निघाला. मोकळ्या परतीचा प्रश्न मला अजून सोडवता आलेला नाही. तुमच्यापैकी कुणाची गाडी असेल आणि तो हिशेब दोन्हीकडून पटेल असा बसवला असेल, तर मला जरूर कळवा.