लगेच म्हणजे कधी?

अहमदपूर तालुक्यातल्या आमच्या गावात वर्षाकाठी एखादी तार यायची, आणि ती आली की सगळी गल्ली गप्प व्हायची. तार इंग्रजीत, म्हणून पोस्टमन आधी गुरुजींना गाठायचा आणि मग दोघं मिळून त्या घरी जायचे. शेजारच्या तात्यांना आलेली तार मला आजही पाठ आहे : ‘ब्रदर सिरियस स्टार्ट इमिजिएटली.’ गुरुजींनी ती मनात वाचली, घडी घातली आणि म्हणाले, “तात्या, भावाला बरं नाही. निघा आता.” तात्यांनी काही विचारलं नाही. उठले, खुंटीवरची टोपी घेतली आणि एसटीच्या रस्त्याला लागले.

इंग्रजीतलं क्रियाविशेषण मला पहिल्यांदा भेटलं ते असं. तारेत शब्दागणिक पैसे पडत. तरीही तो शब्द तिथे होता, कारण त्याच्यावाचून तात्या दुसऱ्या दिवशी निघाले असते. जुलै 2013 मध्ये देशातली तार बंद झाली, पण तो शब्द रोज माझ्या टेबलावर येतो. गेली तीसेक वर्षं मी नांदेडला लोकांचे अर्ज लिहून देतो. आधी टाइपरायटरवर, आता संगणकावर. म्हातारी माणसं म्हणतात, “वरी मोठ्या अक्षरात अर्जंट टाका.” कॉलेजची मुलं म्हणतात, “काका, इमिजिएटली कारवाई करावी, असं लिहा ना.” त्या एका शब्दासाठी मराठीतला कोणता शब्द घ्यायचा, हे ठरवणं माझं काम.

मराठीत त्याला पंधरा-वीस शब्द सहज सापडतील, पण ते एकाच्या जागी दुसरा असे चालत नाहीत. ‘लगेच’ घरातला; आईनं लेकराला सांगावा असा. ‘ताबडतोब’ वरून खाली येतो. साहेबानं शिपायाला म्हणावं ताबडतोब, अर्जदारानं साहेबाला म्हटलं की तो हुकूम होतो. ‘त्वरित’ सरकारी पत्रातला, कुणालाच न बोचणारा आणि म्हणून कुणालाच न हलवणारा. ‘विनाविलंब’ वकिलाच्या नोटिशीत शोभतो. ‘झटकन’ हातापायांच्या हालचालीसाठी. झटकन उठता येतं, झटकन फेरफार होत नाही. ‘तडकाफडकी’त राग आहे, राजीनामा तडकाफडकी देतात, औषध देत नाहीत. ‘हातासरशी’त कष्टकऱ्याचा हिशेब आहे, एक काम चालू असताना दुसरंही उरकून घ्यायचं. आणि ‘तातडीनं’मध्ये गरज आहे. मागणाऱ्याची अडचण त्या शब्दात दिसते, म्हणून अर्जात मला तोच जवळचा वाटतो. ‘तत्काळ’ही चालतो, फक्त तो ‘तात्काळ’ असा लिहू नये. शब्द तत् आणि काळ यांचा आहे. कार्यालयांच्या पाट्यांवर चुकीचा लिहिला, म्हणून तो बरोबर होत नाही.

मला हे काम शिकवलं ते एका जुन्या अर्जनविसांनी. निजामाच्या राज्यात त्यांनी उर्दूत अर्ज लिहायला सुरुवात केली. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मुक्त झाला आणि पुढे कचेरीची भाषा बदलली, तेव्हा तेही मराठीत लिहायला लागले. बोलताना त्यांच्या तोंडी ‘फौरन’ असायचा, कागदावर कधी नाही. ते सांगत, अर्ज म्हणजे विनंती. घाई आपली असते, ती साहेबाला कळेल अशी मांडावी. घाईचा शब्द लिहिला म्हणजे घाई मांडली, असं होत नाही.

त्यांचं म्हणणं मला पुढे कायद्याच्या पुस्तकांत सापडलं. जिथे खरोखर निकड आहे, तिथे कायदा क्रियाविशेषणावर विसंबत नाही, आकडा लिहितो. अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं, असं संविधानाचा अनुच्छेद 22 सांगतो. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यात उत्तराला 30 दिवस आहेत, पण माहिती कुणाच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी निगडित असेल तर 48 तास. ‘लगेच’ म्हणजे कधी, यावर वाद घालता येतो. 48 तासांवर घालता येत नाही.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात मुखेडकडची एक बाई आली. नऊवारीचा काठ चिखलानं भरलेला. “भाऊ, समदं सोयाबीन पाण्यात हाय. पंचनामा लगेच करा म्हणून लिहा.” मी विचारलं, पाणी कधी शिरलं? “परवा राती. वढा फुटला.” परवा म्हणजे सोमवार. तेव्हा पीक विम्यात अशा नुकसानीची सूचना 72 तासांत द्यावी लागे. मी घड्याळ पाहिलं. दीड दिवस गेला होता. अर्जात लिहिलं : सोमवारी रात्री 11 च्या सुमारास ओढ्याचं पाणी शेतात शिरलं, गट क्रमांक अमुक, एक एकर दहा गुंठे सोयाबीन आजही पाण्याखाली आहे, 72 तासांची मुदत गुरुवारी रात्री 11 वाजता संपते, त्याआधी सूचना नोंदवून पोच द्यावी. वाचून दाखवलं. ती म्हणाली, “लगेच कुठं लिहिलं?” मी गुरुवारवर बोट ठेवलं. “हे काय, हेच ते.” तिनं त्या ओळीवर आपलं बोट फिरवलं आणि अंगठ्याला शाई लावली. संध्याकाळी पोचेचा शिक्का घेऊन ती पुन्हा आली, दाखवायला.

हे मला सुरुवातीला कळत नव्हतं. एका म्हाताऱ्याचा निराधार पेन्शनचा अर्ज मी ‘त्वरित’, ‘तत्काळ’, ‘विनाविलंब’ असे तीनही शब्द घालून लिहिला होता. त्यात पेन्शन कोणत्या महिन्यापासून थकली, हेच लिहायचं राहिलं. अर्ज तेवढ्यासाठी परत आला आणि म्हाताऱ्याला दुसऱ्यांदा एसटीचं भाडं पडलं. शब्द तीन होते, तारीख एकही नव्हती. तेव्हापासून अर्ज हातात घेतला की पहिला प्रश्न विचारतो, कधीपासून? आणि दुसरा, कधीपर्यंत?

गुरुजींनी तात्यांना सांगितलेलं ‘निघा आता’ मला अजून पुरतं. समोर माणूस होता, म्हणून ‘आता’वर भागलं. कागद मात्र माणसाच्या मागे एकटाच टेबलावर पडून राहतो; आपली घाई त्याला स्वतःच सांगावी लागते. म्हणून तुम्ही अर्ज लिहाल तेव्हा ‘लगेच’ लिहून थांबू नका. तारीख लिहा, दिवस लिहा, थांबल्यानं काय बुडणार ते लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.