परत कधी जायचं, हे कोणी ठरवायचं?

पापडी, गास, नंदाखाल... वसईत ख्रिस्ती लग्नाची मिस्सा असली, की संत पौलाच्या इफिसकरांस पत्रातला पाचवा अध्याय पुष्कळदा वाचला जातो. बायकोने नवऱ्याच्या अधीन राहावं, एवढं त्यातलं सर्वांच्या लक्षात राहतं. दोघांनी एकमेकांच्या अधीन राहावं असं सांगणारं २१वं वचन आणि नवऱ्याने बायकोवर ख्रिस्तासारखी जीव देण्याइतकी प्रीती करावी असं बजावणारं २५वं वचन मागे पडतं.

पुढे घरात हात उचलला गेला, की हे अर्धवट वाचन बायकोच्याच अंगावर येतं. माहेरचे म्हणतात, सांभाळून घे. देवाने जोडलेलं माणसाने तोडू नये, असं कुणी म्हटलं की ती गप्पच होते.

खुद्द चर्चचा कायदा असं गप्प बसायला सांगत नाही. १९८३च्या कॅनन कायद्याचं ११५३वं कलम म्हणतं, की जोडीदारामुळे दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या शरीराला वा मनाला गंभीर धोका असेल, तर वेगळं राहायला ते रास्त कारण आहे. त्यासाठी बिशपांचा आदेश लागतो. पण थांबण्यातच धोका असेल, तर स्वतःच्या निर्णयाने निघता येतं. रात्री मार खाल्लेल्या बाईने सकाळी फादरांच्या परवानगीसाठी ताटकळण्याचं कारण नाही. पोप फ्रान्सिस यांनीही २०१६ साली 'आमोरिस लेतित्सिया' या बोधपत्रात लिहिलं, की कधी कधी विभक्त होणं नैतिकदृष्ट्या आवश्यकच असतं. वेगळं राहिल्याने विवाहसंस्कार मोडत नाही. प्रत्येक विवाहपूर्व शिबिरात ११५३वं कलम मोठ्याने वाचून दाखवायला हवं.

देशाचा कायदा तर फार उशिरा जागा झाला. १८६९च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती बायकोला नुसत्या छळावरून घटस्फोट मिळत नसे. नवऱ्याचा व्यभिचारही सिद्ध करावा लागे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली ही अट काढली, संसदेने २००१ साली. २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा सर्व धर्मांच्या बायकांना, लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांनाही, संरक्षण देतो.

मात्र चर्चच्या ११५३व्या कलमाला दुसरा भागही आहे: कारण संपलं, की सहसा पुन्हा एकत्र राहायचं. कारण संपलं, हे ओळखायचं कसं? नोव्हेंबर २०२० मध्ये वसईच्या एका तरुणीने नालासोपाऱ्याच्या तुळिंज पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली, की सोबत राहणारा पुरुष मारतो, जिवे मारण्याची धमकी देतो. नंतर आमच्यात वाद उरला नाही, असं तिनेच लिहून दिलं. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला. ती ख्रिस्ती नव्हती; पण मिटलं म्हणून कागद बंद करण्याची घाई सगळीकडे सारखीच असते.

धर्मग्रामाच्या कार्यालयात नवऱ्याने रडून माफी मागितली, की सगळ्यांनाच सुटल्यासारखं वाटतं. त्याच वेळी तिला वेगळ्या खोलीत बसवून, सासरचं-माहेरचं कुणी समोर नसताना विचारायला हवं, की तुला परत जायची भीती वाटते का. ती हो म्हणाली, तर कारण अजून संपलेलं नाही.