रोशाचा एक नमुना

वडिलांचें कपाट आवरतांना परवां जुन्या दप्तरांत रोशा गवताचा एक नमुना सांपडला. जाड कागदावर टांचलेला, तुऱ्यासकट. सातपुड्याच्या उतारावर त्यांनीं तो कापला, तेव्हां मी त्यांच्याबरोबर होतों. वय अवघें दहा.

खालच्या पट्टीवर त्यांच्या टपोऱ्या अक्षरांत गांव, तारीख, जमीन, सिंबोपोगॉन मार्टिनी हें शास्त्रीय नांव, सारें कांहीं आहे. नाहीं तें एकच: हा मोतिया कीं सोफिया? १९०९ सालीं बर्किल यांनीं ज्यांच्या भेदावर लिहिलें, ते हे दोन प्रकार दिसण्यांत जवळजवळ सारखे. ओळखावयाचे ते नाकानेंच. मोतियाच्या तेलाचा गंध गुलाबासारखा गोड, सोफियाचा त्याहून उग्र. एके काळीं खानदेशांतील रोशाचें तेल मुंबईमार्गें तुर्कस्तानास जाई व गुलाबाच्या अत्तरांत मिसळलें जाई.

पानाचा एक कोंपरा हळूच चोळून पाहिला. गंध केव्हांच उडाला होता. तो कोण विसरेल, असें लिहितेवेळीं वडिलांना वाटलें असावें. मी मात्र विसरलों होतों.

नमुना आईपुढें नेला. ती हंसून म्हणाली, “अरे, मोतियाच तो! तुम्हां दोघांच्या सदऱ्यांना गुलाबाचा वास येत होता. धुतले तरी जाईना.”

शास्त्र ही साक्ष मानील कीं नाहीं, नकळे. मीं पट्टीच्या कडेला पेन्सिलीनें लिहिलें: “मोतिया. वासावरून नव्हे, आईच्या आठवणीवरून.”