संजीवनी आणि बाद फेरी

'बाद' हा शब्द अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि जमाखर्चाच्या वहीत स्थिरावला. रकमेतून रक्कम बाद करावी, नाणे चलनातून बाद व्हावे, एवढाच त्याचा संसार. मैदानावर गेल्यावर तो माणसांना लागू झाला. कबड्डीने मात्र त्याची धार बोथट केली. बाद झालेला गडी बाहेर बसतो खरा, पण आपल्या संघाने समोरचा एक गडी टिपला की तो उठून परत येतो. सातही जण बाद झाले तर लोण चढतो आणि त्याच क्षणी सातही जिवंत होतात. हुतूतूच्या ज्या जुन्या प्रकारात ही सोय होती, त्याचे नावच संजीवनी. आजची कबड्डी त्याच वंशातली. शोकांतिका शिकवताना मृत्यूची अटळता आम्ही समजावून सांगतो, तेव्हा पहाटे मैदानावर घाम गाळून आलेली मागच्या बाकावरची मुले आमच्याकडे किंचित संशयाने पाहतात, त्याचे कारण हेच असावे.

स्पर्धेची बाद फेरी आली की ही सवलत संपते. तिथे अख्खा संघ बाद होतो आणि त्याला उठवणारे कोणी उरत नाही.

२६ डिसेंबर २०२४ रोजी पुण्याच्या बालेवाडीत प्रो कबड्डीच्या अकराव्या हंगामाची ही पहिली पायरी झाली. बारा संघांनी ऑक्टोबरपासून प्रत्येकी २२ साखळी सामने खेळले होते. पहिले दोन संघ थेट उपांत्य फेरीत; तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाच्या संघांनी एकेका सामन्यात आपला निकाल लावायचा. पाचव्या क्रमांकाच्या यू मुंबासमोर चौथ्या क्रमांकाचा पाटणा पायरेट्स होता. मांडव्याहून लाँचने तासाभरात मुंबई गाठणाऱ्या अलिबागकरांचा जीव कुठे गुंतला होता, हे सांगायला नको. पाटण्याने ३१-२३ असा सामना जिंकला. दोन महिन्यांची कथा चाळीस मिनिटांत आटोपली.

याहून जिव्हारी लागलेला निकाल ३० डिसेंबर २०१८चा, कोचीतला. साखळीत ८६ गुण मिळवणारा यू मुंबा दुसऱ्या गटातल्या, ५७ गुणांच्या यूपी योद्धाकडून ३४-२९ असा हरला. यूपीचा कर्णधार मुंबईचाच रिशांक देवाडिगा. तो पूर्वी यू मुंबाकडून खेळलेला, आणि त्याच वर्षाच्या आरंभी महाराष्ट्राला राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून देणारा. एवढी नाट्यमयता एखाद्या कादंबरीकाराने योजली असती तर आम्हीच तिला 'ओढूनताणून आणलेली' म्हटले असते.

आम्हां साहित्याच्या मंडळींना ही फेरी खुपते, कारण शेवट मधल्या भागातून उगवावा अशी आमची शिकवण. बावीस प्रकरणे एक सांगतात आणि तेविसावे भलतेच. याला रचना कशी म्हणावी? हा आक्षेप आम्ही तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थ्यापुढे मांडला. तो आपल्या गावच्या संघात डावा कोपरा सांभाळतो. त्याने शांतपणे सांगितले, "सर, आमची तं पयलीच फेरी फायनल."

त्याचे म्हणणे खरे आहे. भाताची कापणी-झोडणी उरकली की आमच्या तालुक्यात गावोगावी दिव्यांच्या उजेडात सामने सुरू होतात. साखळी खेळवायला ना वेळ, ना पैसा. त्यामुळे पहिल्या सामन्यापासूनच बाद पद्धत. मुले पावसाळाभर देवळासमोर सराव करतात, वर्गणी काढून टेम्पो ठरवतात आणि कधी कधी रात्री दहालाच परतीच्या वाटेला लागतात. साखळी ही साधनसंपन्नांची चैन आहे, असे आता आम्हांला वाटते. बावीस सामन्यांत राखीव खेळाडू, मालीश करणारे, प्रशिक्षक यांचे बळ दिसणारच. दुबळ्याला बलवानाशी बरोबरीने भिडता येते ते एकाच सामन्यात, आणि ती संधी बाद फेरीच देते. तिची किंमतही तिथेच वसूल होते. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत पहिले चार क्रमांक, उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड. पहिल्या फेरीत हरलेल्यांचे नावही नसते. आमचे वाङ्मयेतिहास तरी याहून वेगळे कुठे आहेत? एक संग्रह काढून गप्प झालेल्या कवीला आम्ही 'आदी' या शब्दात बसवतो. असो.

गेल्या हिवाळ्यात या विद्यार्थ्याचा सामना पाहायला आम्ही गेलो. गुण समान झाले. नियमाप्रमाणे पाच-पाच चढाया आल्या. या चढायांत एक मौज आहे: गुण मोजतात, पण कोणी बाहेर जात नाही. 'अमर' नावाचा हुतूतूचा एक जुना प्रकार असाच खेळला जाई. शेवटच्या चढाईत आमच्या विद्यार्थ्याने घोट्याची पकड घातली, ती सुटली, आणि त्याचा संघ एका गुणाने हरला. फक्कीच्या रेघांच्या आत सातही जण उभे होते, एकही बाद नव्हता. ध्वनिक्षेपकावरून पुढच्या दोन संघांना मैदानात यायला सांगितले जात होते.