ऐकून होणारा अभ्यास

वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांनी ध्वनिपाठ ऐकण्यात वेळ घालवू नये, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. कोपरला मी अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवतो. कोणी इअरफोन गळ्यात अडकवून वर्गात आलं, की मी आधी पुस्तक उघडायला सांगायचो. आज तीच मुलं माझ्या सांगण्यावरून फोनमध्ये अभ्यास भरून नेतात. हे मत का बदललं ते मोकळेपणाने सांगायला हवं, कारण पालक मला सारखं हेच विचारतात.

माझं आधीचं मत हवेतलं नव्हतं. 2025 च्या नीटमध्ये 180 मिनिटांत 180 प्रश्न होते. त्यातले 90 जीवशास्त्राचे, म्हणजे 720 पैकी 360 गुण. बरोबर उत्तराला 4, चुकलं तर 1 वजा. जीवशास्त्राचे बरेचसे प्रश्न एनसीईआरटीच्या पुस्तकातल्या ओळींवर, तक्त्यांवर आणि आकृत्यांवर बेतलेले असतात. नेफ्रॉनची आकृती कानाने कळत नाही, भौतिकशास्त्राचं गणित हातात पेन घेतल्याशिवाय सुटत नाही. शिवाय एखादा धडा चार वेळा ऐकला, की तो ओळखीचा वाटायला लागतो. ओळखीचा वाटणं म्हणजे येणं नव्हे, आणि मुलं नेमकी इथेच फसतात.

मत हललं ते एका विद्यार्थिनीमुळे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, घरात एकच खोली, संध्याकाळी टीव्ही चालू. कनिष्ठ महाविद्यालय ठाण्याला. कोपरला फक्त धिम्या लोकल थांबतात, आणि पुढे दिव्याला गाडी भरली की एक हात कडीला, दुसरा दप्तराला. पुस्तक काढायचा प्रश्नच नसतो. तरीही तिचे चाचण्यांतले गुण चढत होते. गाडीत काय ऐकतेस, असं विचारल्यावर तिने फोन माझ्या हातात दिला.

फोनमध्ये तिचाच आवाज होता. “क्रेब्ज चक्राच्या एका फेरीत एनएडीएच किती?” मग काही क्षण काहीच नाही, फक्त मागे कुकरची शिट्टी. मग उत्तर: “तीन. एफएडीएचटू एक, जीटीपी एक.” पुढचा प्रश्न: “एका ठोक्याला प्रत्येक व्हेंट्रिकल किती रक्त बाहेर टाकतं?” पुन्हा शांतता. “सत्तर मिलिलिटर. मिनिटाला बहात्तर ठोके, म्हणून जवळजवळ पाच लिटर.”

“सर, मी धडा ऐकत नाही,” ती म्हणाली. “मधे जागा सोडलीय ना, तेवढ्यात मनात उत्तर द्यायचं. नाही आलं, तर घरी गेल्यावर ते पान काढायचं.”

तिच्या या पद्धतीला शास्त्राचा आधार आहे. अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. डोक्यातून बाहेर काढलेली गोष्ट टिकते. त्या मुलीने सोडलेली रिकामी जागा नेमकं हेच काम करत होती.

तिला आणखी एक फायदा झाला, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. 2017 पासून नीट मराठीतही देता येते, पण अकरावी विज्ञानाचं शिकवणं बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच चालतं. मराठी माध्यमातून आलेली हुशार मुलं तिथे गप्प होतात. उत्तर येत असतं, पण तो शब्द तोंडाने कधी उच्चारलेलाच नसतो. ध्वनिमुद्रण करताना तो उच्चारावाच लागतो. संज्ञा इंग्रजीत, समजावणं मराठीत, अशी तिची रीत होती. काही महिन्यांत ती वर्गात हात वर करून बोलायला लागली.

म्हणून आता एखादं प्रकरण संपलं, की मुलांनी त्यावरचे प्रश्न स्वतः काढायचे, स्वतःच्या आवाजात भरायचे आणि प्रत्येक प्रश्नानंतर थांबायचं, असा माझा आग्रह असतो. चांगला प्रश्न काढायला पान नीट वाचावंच लागतं, त्यामुळे अर्धा अभ्यास तिथेच होतो. आकृत्या कागदावर आणि गणितं वहीत, हा नियम कायम आहे. सराव प्रश्नपत्रिका घड्याळ लावूनच सोडवायची. रूळ ओलांडताना आणि गाडीच्या दारात इअरफोन कानात नको, याबाबतीत मी कोणाचंही ऐकत नाही.

तयार ध्वनिपाठ विकत घ्यावा का, असं विचारणाऱ्या पालकांना मी सांगतो, आधी मुलाला त्याच्या फोनमधला रेकॉर्डर वापरू द्या. त्याला पैसे पडत नाहीत. ज्या घरात अभ्यासाला वेगळी खोली नाही आणि रोजचे तास लोकलमध्ये जातात, तिथल्या मुलाला यातून अभ्यासाचा हक्काचा वेळ मिळतो. डॉक्टर व्हायची जिद्द कोपर-दिव्याच्या मुलांत कमी नाही. कमी पडते ती जागा आणि निवांतपणा, आणि ती उणीव या साध्या उपायाने थोडी तरी भरून निघते.