आंबा घाट आणि गाडीचे पाणी
साखरपा सोडला की आंबा घाटाची चढण लागते. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. चालकाचे लक्ष मात्र उष्णतेच्या काट्यावर. काही गाड्यांखाली अंगणात थेंबही दिसत नाही, पण घाटात पाणी कमी होते. इंजिन तापले की आतला दाब वाढतो, बारीक फट तेव्हाच गळते आणि पाणी तापल्या लोखंडावर वाफ होऊन जाते. मागे राहतो तो पांढरट किंवा हिरवट डाग. तो रबरी नळ्यांच्या क्लिपांपाशी आणि पाण्याच्या पंपाखालच्या छिद्रापाशी शोधावा. डाग नाही, पण तेल दुधाळ झाले, तर हेड गॅस्केट तपासून घ्यावे. माथ्यावर आंबा गावी जरूर थांबावे. मात्र इंजिन निवल्याखेरीज रेडिएटरचे झाकण उघडू नये. उकळते पाणी उसळून तोंड भाजते.