शेत नावाचे चौक

व्हेनिसला गेलात तर पहिल्या दिवशी तुम्हीही माझ्यासारखेच भिंतींवरच्या पिवळ्या पाट्या वाचत चालाल. एकीवर ‘रिआल्तोकडे’, दुसरीवर ‘सान मार्कोकडे’ असे लिहिलेले असते आणि या दोन ठिकाणांमधल्या अरुंद गल्ल्यांतून जगभरचे प्रवासी मुंग्यांच्या रांगेसारखे जात-येत असतात. मी त्या रांगेत दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी बाणाच्या उलट दिशेला वळलो, आणि शंभरएक पावलांत माझ्याच चपलांचा आवाज मला ऐकू येऊ लागला.

तुम्ही अशा वेळी वाट चुकाल, हे आधीच सांगून ठेवतो. पत्त्याचा फारसा उपयोग नाही. शहराचे सहा भाग आहेत आणि प्रत्येक भागातील घरांना सलग एकच क्रमांक-माला आहे. कास्तेल्लो भागात ती ६,००० च्याही पुढे जाते. पुण्याच्या पेठांत घर शोधलेल्या वाचकाला याचे विशेष नवल वाटू नये.

गल्ली अकस्मात संपते आणि मोकळा चौक समोर येतो. त्याला येथे ‘काम्पो’, म्हणजे शेत, म्हणतात. ‘पियात्झा’ हा मानाचा शब्द या शहराने एकट्या सान मार्कोसाठी राखून ठेवला आहे. हे चौक एके काळी खरोखरच गवताचे होते. फरसबंदी मागाहून आली. मध्यभागी कोरीव दगडी कठडा दिसेल. ती आपल्याकडच्यासारखी विहीर असावी असे मला वाटले. पण खाऱ्या पाण्याने वेढलेल्या या बेटांवर भूगर्भात गोडे पाणी कोठून असणार? फरशी निरखून पाहा. ती किंचित उतरती आहे आणि तिच्यात भोके असलेले दगड बसवले आहेत. पावसाचे पाणी त्यांतून खाली उतरे, वाळूच्या थरातून गाळले जाई आणि मधल्या विटांच्या विहिरीत साचे. खारे पाणी आत शिरू नये म्हणून साऱ्या टाक्याला चिकणमातीचे अस्तर असे. अख्खा चौकच पाणी गाळण्याचे साधन होता! १८८४ मध्ये मुख्य भूमीवरून नळाचे पाणी आले. आता कठड्यांवर झाकणे आहेत आणि मुले त्यांच्याभोवती चेंडू खेळतात.

उत्तरेकडे कान्नारेजो भागात आणखी एक चौक आहे. तेथे मान वर करून मजले मोजा. १५१६ मध्ये व्हेनिसच्या सत्तेने ज्यूंनी याच छोट्या बेटावर राहावे असे फर्मावले. रात्री दरवाजे बंद होत. माणसे वाढली, जागा वाढेना, म्हणून घरे उंच झाली आणि छते ठेंगणी. खिडक्यांच्या ओळी एकमेकींना खेटून का आहेत, हे मला तेथे उभा राहिल्यावर कळले. नेपोलियनच्या सैन्याने १७९७ मध्ये ते दरवाजे काढून टाकले, पण या जागेचे ‘घेट्टो’ हे नाव तोवर जगाच्या भाषांत जाऊन बसले होते.

परतताना रिआल्तोजवळच्या सान बार्तोलोमेओ चौकात एका औषधाच्या दुकानाच्या काचेत मला आकडे दिसले. जुन्या शहरात उरलेल्या रहिवाशांची संख्या ते दुकान २००८ पासून तेथे मांडत आले आहे. १९५१ मध्ये ती सुमारे १,७५,००० होती. २०२२ मध्ये ५०,००० च्या खाली गेली. आकड्यांसमोर एक वृद्ध बाई चाकांची बाजारपिशवी घेऊन क्षणभर थांबल्या, काही न बोलता पुढच्या पुलाच्या पायऱ्यांवरून ती एकेक पायरी चढवू लागल्या. मी हात पुढे केला. त्यांनी मानेनेच नको म्हटले.

मी मनातल्या मनात स्वतःला गर्दीतून वगळले होते. संध्याकाळी मुक्कामाच्या दाराशी आलो. किल्ली एका छोट्या पेटीत असे आणि ती अंक जुळवून उघडावी लागे. अंक फिरवताना शेजारच्या दारावर तशीच पेटी दिसली, त्याच्या पलीकडच्या दारावरही. घंटेशेजारी एका जुन्या आडनावाची पितळी पाटी अजून होती. मी ती घंटा वाजवून पाहिली नाही. आत मीच राहत होतो.